कमिंग म्हणा

नागपूरला धरमपेठेतल्या आमच्या घरी, पुढच्या खोलीत, मी इंग्रजी बोलायचे क्लास घेते. मागच्या वर्षी आई नरखेडकडच्या आमच्या गावाहून माझ्याकडे राहायला आली, ती हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन करायचं म्हणून. ऑपरेशनला ती भीत नव्हती. भीत होती ती भुलीला. "कापाकापी डॉक्टर पाहीन. पन झोपेतून उठाचं तं मलेच हाय ना? नाही उठली तं?" हे ती रोज एकदा तरी विचारायची आणि मी रोज विषय बदलायचे.

ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत ती क्लासमध्ये मागच्या खुर्चीवर मेथी निवडत बसे. त्या आठवड्यात मी ‘कम’ शिकवत होते. सगळे कंटाळलेले, कारण ‘कम’ म्हणजे ये, त्यात शिकायचं काय? मी आपली फळ्यावर लिहीत गेले. बी उगवून वर येतं तिथे कम, शर्टाचं बटन तुटून हातात येतं तिथे कम, स्वप्न खरं होतं तिथेही कमच. बेशुद्ध माणूस शुद्धीवर येतो, ते कम राउंड. हे इतक्या वेळा शिकवलंय, की माझं तोंड आपोआप चालतं.

"हे तं आपल्यासारखंच हाय वं," आई मागून म्हणाली.

काय आपल्यासारखं, म्हणून मी विचारलं. तिने मेथी बाजूला ठेवली. "आपल्याकडं सारं येतेच ना. संत्र्याले बहार येते, नाल्याले पूर येते, झोप येते, पोरगी वयात येते. मानूस कुठं काय करते? सारं येते. आपन फक्त घरी असावं लागते."

वयात येणं तर इंग्रजीतही जवळपास याच शब्दात सांगतात, कम ऑफ एज. समुद्रापलीकडच्या लोकांनाही पोरगी अशी वयात चालत आलेली दिसली असेल, या विचाराने मी खडू हातात धरून तशीच उभी राहिले. इतकी वर्षं हा शब्द शिकवला, पण त्याच्यामागे एवढं मोठं जग उभं आहे हे मला ठाऊकच नव्हतं. अंगावर काटा आला. काटाही येतोच की.

क्लास सुटल्यावर बँकेत नोकरी करणारी एक बाई ‘आय ॲम गोइंग, मॅडम’ म्हणून निघाली. आईने तिला दारात गाठलं. "जातो नोको म्हनू बाई. कमिंग म्हन."

हा आईचा जुना हट्ट. आमच्याकडे बायकाही निघताना ‘येतो’च म्हणतात. कॉलेजात असताना घाईत माझ्या तोंडून ‘जातो’ निघालं, की ती मला फाटकातून परत बोलवायची, ओट्यावर बसवायची, पाणी प्यायला लावायची आणि नव्याने निघायला सांगायची. त्यापायी एसटी चुकली तरी तिला त्याचं काही नसे. आता आठवडाभरात माझा अख्खा क्लास ‘कमिंग, आई’ म्हणत जिना उतरू लागला. इंटरव्ह्यूत हसतील लोक, असं मी बजावलं. "हसू दे. घरी तं येतीन," आई म्हणाली.

ऑपरेशनच्या दिवशी भूल देणारे डॉक्टर केरळचे होते, नागपुरात नवे. थिएटरच्या दारापाशी स्ट्रेचर थांबलं. आईचा हात माझ्या हातात होता. त्यांनी तिच्याकडे वाकून इंग्रजीत विचारलं, ‘तयार आहात ना?’ तिने माझा हात सोडला आणि त्यांच्याकडे बघत स्पष्ट म्हणाली, "आय ॲम कमिंग."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी अर्थ सांगायला गेले. एवढंच म्हटलं, की आमच्याकडे जातो म्हणत नाहीत. ते हसले. त्यांच्याकडेही निघताना येतोच म्हणतात, त्यांच्या आईलाही दुसरं काही चालत नाही, असं म्हणाले. मग आईच्या कपाळावर हात ठेवून म्हणाले, "यस, अम्मा. कम."

दार बंद झालं. मी बाहेर बाकावर बसले. देशाच्या पार त्या टोकाला कुणाची तरी आई पोराला फाटकातून परत बोलवत असेल, हे मला किती तरी वेळ दिसत राहिलं. भीती गेली नव्हती, पण त्या भीतीत मी एकटी नव्हते.

संध्याकाळी भूल देणारे तेच डॉक्टर बाहेर आले. "शी हॅज कम राउंड," ते म्हणाले. फळ्यावर शंभरदा लिहिलेले ते शब्द मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे ऐकले, आणि रडले.

आत आईचे डोळे अर्धे उघडे होते. ओठ कोरडे पडलेले. मी वाकले, तेव्हा तिने आधी माझ्यामागे डॉक्टरांना शोधलं.

"सांगतलं होतं ना त्याले," ती म्हणाली. "आली."