परिषद सोडून मिसळ

परवान्याच्या नूतनीकरणासाठी आम्हा हाडांच्या डॉक्टरांना परिषदांना बसून गुण मिळवावे लागतात. सकाळी एक सही, दुपारी एक; मधल्या वेळात मी नेहमी सटकतो. मन खातं, पण पाय ऐकत नाहीत. परवाही कंबरदुखीवरचं व्याख्यान सोडून मिसळ खायला गेलो, तर शेजारच्या बाकावर माझाच पेशंट!

“डॉक्टर, दवाखान्यावर तर पाटी हाय की, अभ्यासासाठी बंद!”

तो खदाखदा हसला आणि उठायला गेला, तशी त्याची कंबरच धरली. तिथंच बाकावर पालथं झोपवून त्याला मोकळं करेपर्यंत माझी दुपारची सही हुकली, गुणही गेले. तो मात्र ताठ उभा राहून म्हणाला, “बरं झालं, अभ्यासाला गेला न्हाईसा!”