बाबांनी काढलेल्या कक्षा

आकाशात माणसाने टाकलेला कचरा फिरतोय आणि मी त्याच्यावर पीएच.डी. करतेय हे कळल्यावर आई म्हणाली, आधी आपली दूधविनायकची गल्ली साफ करा. नव्वदच्या दशकात आमच्या हिंदी मुलखातल्या विद्यापीठाचं मतही फार वेगळं नव्हतं. माझं म्हणणं साधं होतं: जमिनीवरच्या रडारला न दिसणारे बारीक तुकडे छोट्या उपग्रहावरच्या कॅमेऱ्याला दिसतील. तुकडा ताऱ्यांपुढून सरकला की फोटोत रेघ उमटते. त्या रेघेवरून त्याची कक्षा काढायची.

उपग्रह अर्थात कागदावरच होता. विभागातला कॉम्प्युटर वीज असेल आणि माझा नंबर लागेल तेव्हाच मिळायचा. म्हणून नमुन्यादाखल धरलेल्या तुकड्यांच्या कक्षांचं गणित हाताने करायचं काम बाबांनी घेतलं. ते पंचांगाचं गणित करायचे. ग्रहांच्या जागी कचरा आला एवढंच, म्हणाले. पाच महिने घाटावरून स्नान करून आले की ते माझ्या कोष्टकांना बसत.

पंचांग छापायला देण्याआधी आमच्याकडे एक जण आकडे मोठ्याने वाचतो, दुसरा मूळ कागद बघत ऐकतो. प्रबंधात कोष्टकं उतरवून झाली तेव्हा बाबा म्हणाले, वाचायला बसू. मी फटकन म्हटलं, हे पंचांग नाही.

मौखिक परीक्षेला कुणीही येऊन बसू शकतं. बाबा धुतलेलं धोतर नेसून शेवटच्या रांगेत बसले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एक कोष्टक उघडलं आणि म्हणाले, हा तुकडा तर जमिनीखालून जातोय. हॉल हसला. गणित कुणी केलं, असं त्यांनी विचारलं.

"पिताजी ने," मी म्हटलं. "पंचांग बनाते हैं."

हॉल पुन्हा हसला, या वेळी जास्त.

घरी बाबांनी आपला कागद काढला. त्यांचा आकडा बरोबर होता. उतरवताना मी दोन अंक उलटे केले होते. त्यांनी कागद मला दाखवला आणि घडी घालून ठेवून दिला.

"दुरुस्त करून दे," म्हणाले. "डिग्री अटकायला नको."

रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. मी कोष्टक दुरुस्त केलं. चूक माझी होती, हे परीक्षकांना मात्र कधीच कळवलं नाही. प्रबंधात मी मार्गदर्शकांचे, ग्रंथालयाचे, टायपिस्टचेसुद्धा आभार मानलेत. दुरुस्त प्रत बांधायला देतानाही बाबांचं नाव घातलं नाही. पुन्हा कुणी हसेल याची भीती वाटली. बाबांनी ती प्रत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बघितली आणि कोष्टक आता बरोबर आहे म्हणाले.