सेवाभावाचे गुण

म्हैसूरच्या आमच्या मठात कंपनीतून रिटायर झालेले एक साहेब व्यवस्थापक म्हणून आले आणि येताना फॉर्म घेऊन आले. प्रत्येकानं आपल्या कामाला पाचपैकी गुण द्यायचे. त्यात एक रकाना सेवाभावाचा. अय्यो, सेवाभावाला गुण! मला तर हसूच फुटलं.

मी अन्नछत्राची कोठी सांभाळते. भात शिजवते ती अक्का, इथून जवळच्या टी. नरसीपूर गावची, आमच्यातलीच मराठी. मागंपुढं कुणी नाही, मठानं दिलेल्या खोलीत राहते. तिला लिहिता येत नाही, म्हणून तिचा फॉर्मही मीच भरायला घेतला. केलेली सेवा तोंडानं बोलली की फुकट जाते, असं आम्ही मानतो.

"शून्य घाल गं," ती म्हणाली. "करणारी मी कोण?"

मीही मोठी शहाणी, स्वतःलाही शून्यच घातलं.

आठवड्यानं फळ्यावर कागद लागला. दोनपेक्षा कमी गुणवाल्यांना कामावरून काढणार. नावं दोघींचीच, बाकी मेल्यांनी निमूट पाच-पाच लिहिले होते. माझा नवरा कमावतो, माझं निभेल. अक्का खोली सोडून जाईल कुठं? आणि ते शून्य माझ्या अक्षरातलं!

साहेबांच्या हातापाया पडले, तेव्हा दोन कोरे फॉर्म मिळाले.

अक्का ऐकेचना. "देवासमोर पाच म्हणू? जीभ झडेल माझी."

"बरं, शून्यच घालते," असं धडधडीत खोटं बोलून मी तिचा अंगठा घेतला आणि पाच लिहिले. स्वतःला निभण्यापुरते दोन घातले.

सोमवारी साहेबांनी सगळ्यांसमोर तिला शाल पांघरवली. "शून्यावरून थेट पाचपैकी पाच! पण पुढच्या वर्षी एक जरी कमी झाला, तर खोलीचं बघावं लागेल हं," ते हसत म्हणाले. अक्कानं शाल काढून माझ्या हातात दिली आणि चुलीकडे वळली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी भात उतरला. पहिली मूद कायम देवाची. अक्कानं ती ताटलीत घेतली, पदर सावरला आणि साहेबांच्या ऑफिसकडे निघाली.

"अक्का, आधी देवाला!" मी ओरडले.

"देव मला खोलीतनं काढणार नाही," ती म्हणाली आणि गेली.

आता रोज असंच चालतं. देवापुढं दुसरी मूद ठेवताना मला भीती वाटते, पण मी तिला अडवत नाही. पुढचा फॉर्म यायचाच आहे.