उजव्या दंडावरच्या चार देवी

बाविसाव्या वर्षी मला सरकारी नोकरी लागली, ती गावंच्या गावं रिकामी करण्याची. कागदावर ती देवी काढण्याची, म्हणजे देवीची लस टोचण्याची होती. पण मी एका टोकानं गावात शिरलो की दुसऱ्या टोकानं बायका लेकरं काखोटीला मारून जंगलात पसार होत, आणि मी पेटी उघडून म्हाताऱ्यांशी तंबाखूच्या गप्पा मारत बसे. वरोऱ्याच्या कापूसबाजारात वाढलेला मी. जंगल म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. जिल्ह्याला तेव्हा चांदाच म्हणत. माझी नेमणूक गडचिरोलीच्या पुढं झाली आणि पहिल्या हिवाळ्यातच माझ्या वहाणांचे तीन जोड झिजले.

सामान साधं होतं. लाकडी पेटी, स्पिरिटचा दिवा, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या काचेच्या बारीक नळ्यांत लस, आणि एक दातेरी चकतीची सुई. ती दंडावर टेकवून पिळायची. फार दुखत नसे, पण दिसायला भयंकर होती.

एका गावात मात्र मला कुणी घाबरलं नाही. तळ्याकाठचं गाव. धान पिकवणारी आणि तळ्यात मासे धरणारी माणसं. तिथं एक म्हातारी होती, तिचे दोन भाऊ देवीनं गेले होते. पहिल्याच भेटीत तिनं माझी सुई हातात घेऊन उलटीपालटी केली आणि विचारलं, "हे टोचलं का माता येत नाई?"

"नाही येत."

"मंग आधी मले टोच."

तिला टोचलेलं पाहून जवळजवळ सगळं गाव तिच्या अंगणात ओळीनं बसलं. पुढल्या वर्षी धानकापणीच्या दिवसांत उरलेल्यांसाठी मी पुन्हा गेलो, तेव्हा तिच्याच घरी उतरलो. तिचा मुलगा दारात बसून जाळं दुरुस्त करत होता. गेल्या वेळी तो माझी पेटी डोक्यावर घेऊन पुढं चालला होता. आता उठला, तर डावा पाय ओढत.

"काय झालं?"

"शिकार झाली," तो म्हणाला.

शिकार त्याचीच झाली होती. गावाचे माजी मालगुजार, म्हणजे जमीनदार, ज्यांना गाव अजून मालकच म्हणे, दर हिवाळ्यात पाहुण्यांना घेऊन शिकारीला येत. गावानं हाका करायचा, म्हणजे डबे बडवत, आरडत, जनावर झुडपांतून बाहेर काढायचं. जनावर बाहेर आलं की मालक बंदूक झाडत. त्या दिवशी डुक्कर एका बाजूला गेलं आणि छर्रे दुसऱ्या. दोन अजून मांडीत होते. मालकांनी दुसऱ्या दिवशी विचारपूस केली होती, डुक्कर सापडलं का म्हणून.

मालगुजारी सरकारनं काढून घेतली होती. जमीन गेली, तळं गेलं. बंदुकीचा परवाना तेवढा राहिला होता, आणि मालक आता त्या एका कागदावर पूर्वीची सगळी मालकी चालवत होते.

मी सकाळी अंगणात पेटी उघडली. दहा-बारा जणांना टोचून झालं असेल, तेवढ्यात जीपचा आवाज आला. लष्कराच्या लिलावात घेतलेली जीप होती ती. येण्याआधी बराच वेळ खोकायची. मालक उतरले. पन्नाशीचा, गोरा, तुकतुकीत माणूस. मिशा तेल लावून बसवलेल्या. अंगावर इंग्रज साहेबाचा असावा तसा खाकी कोट, फक्त साहेब त्यांच्यापेक्षा बारीक असणार. खांद्याला दुनळी बंदूक.

"कल सुबह सब लोग हाके पे," ते म्हणाले. "तीन दिवस. नागपूरचे पाहुणे येऊन राह्यले."

बांध्यांमध्ये धान पिकून वाकलं होतं. तीन दिवस ते तसंच सोडलं असतं, तर अर्धं डुकरांनी खाल्लं असतं आणि अर्धं पाखरांनी. शेवटी एक जण हात जोडून म्हणाला, "मालक, कापनी हाये जी. आठ रोजानं..."

मालकांनी बंदूक खांद्याला लावली. कुडावर मडकं पालथं घातलेलं होतं. धाडकन आवाज झाला. माझ्या हातातली काचेची नळी दोन तुकडे होऊन मातीत पडली. मडक्याच्या खापऱ्या टोचून घ्यायला बसलेल्या बायकांच्या अंगावर उडाल्या.

"आठ रोजानं का?" मालकांनी विचारलं.

मग ते म्हातारीच्या मुलाकडं गेले. त्याच्या खांद्यावर हात ठेवून हसत म्हणाले, "तू पन चाल. पाय नसला तरी तोंड आहे ना? आरडायला तोंडच लागते."

तो जाळं टाकून घरात निघून गेला. मालकांना ते सहन होण्यासारखं नव्हतं. बंदूक घेऊन ते त्याच्यामागं दाराकडं निघाले. तेवढ्यात म्हातारी उंबऱ्यात आडवी आली. मघाशी तिनं शेळीला घालायला कडुलिंबाची डहाळी तोडून आणली होती, ती अजून हातातच होती. तिनं ती दाराच्या चौकटीत खोचली.

"मालक, पाय नोका टाकू आत. घरात माता आली हाये."

घरात एक चूल, एक कणगी आणि तिचा लंगडा मुलगा, एवढंच होतं. पण मालक जागीच थांबले. मी त्याआधी आणि नंतरही पुष्कळ माणसं थांबलेली पाहिली. इतक्या चटकन थांबलेलं कुणी पाहिलं नाही.

"कोणाले?"

"सुनेले. कालपासून फनफनून राह्यली. मुरमुऱ्यावानी उठले हायेत अंगभर."

म्हातारीला सून नव्हती. मुलाचं लग्नच व्हायचं होतं. मालक माझ्याकडं वळले. "ए टोचेवाले, सच बोलती है क्या?"

सगळं गाव माझ्याकडं पाहत होतं. देवीची खोटी खबर देणं म्हणजे नोकरी जाणं, हे मला पाठ होतं. आणि बंदुकीची एक नळी अजून भरलेली होती, हेही दिसत होतं. मी म्हणालो, "हो. मी त्यासाठीच आलोय."

मालकांनी विचार केला. "मंग हे घर सोडून द्या. बाकीचे चाला."

आता खरी पंचाईत. एका खोट्यानं एकच घर सुटत होतं. मी पेटीवरची वही उचलली, उगीचच दोन पानं चाळली आणि तोंडाला येईल ते बोलू लागलो. "बाकीच्यांना आत्ताच टोचलंय, मालक. यांनी पंधरा दिवस शीव ओलांडायची नाही. पाहुण्यांना लागण झाली तर वर जाब मला द्यावा लागेल, आणि त्यांना इथं कोणी बोलावलं तेही लिहावं लागेल." एवढं बोलून मी थांबायला हवं होतं. पण जीभ सुटली होती. "आणि मालक, तुम्ही मघाशी त्या सुनेच्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला."

मालकांनी आपल्या तळहाताकडं पाहिलं. मग तो विजारीला पुसला, आणि मग विजारीकडं पाहिलं.

"तुम्हाला लहानपणी काढल्यात ना देवी?"

"आमच्या वाड्यात टोचेवाल्याची पाय ठेवायची हिंमत नव्हती," ते म्हणाले. वाक्य रुबाबात सुरू झालं, पण संपता संपता आवाज खाली आला. "माझ्या काकाचा डोळा गेला होता. चेहरा तर..." आणि त्यांचा हात आपोआप मिशांवरून गालावर गेला.

"मग बसा. आत्ता टोचलं तर अजून वेळ गेलेली नाही."

त्यांनी कोट काढला, सदऱ्याची डावी बाही वर केली आणि लाकडी पाटावर बसले. त्याच पाटावर आधी सगळं गाव बसलं होतं. मी दिवा पेटवला, सुई ज्योतीवर धरली. ती थंड होईपर्यंत मी त्यांच्या दोन्ही हातांकडं पाहत होतो.

"उजवा, मालक."

"या साऱ्याइले तर डावा टोचला!"

"डावा रयतेला. मोठ्या माणसांना उजवा."

माझ्यामागं कुणीतरी खोकला दाबला. मालकांनी मान डोलावली. त्यांना ते अगदी रास्त वाटलं. डावी बाही खाली केली, उजवी वर केली. "आन किती टोचता?"

"यांना दोन. तुम्हाला चार."

यावरही त्यांचा काही आक्षेप नव्हता. फक्त उजव्या हातात बंदूक होती. ती कुठं ठेवायची म्हणून ते इकडंतिकडं पाहू लागले, तोवर म्हातारीचा मुलगा दारात येऊन उभा राहिला होता. आजारी बायकोचा नवरा लंगडत पुढं आला आणि त्यानं दोन्ही हात पसरले. मालकांनी न बघताच बंदूक त्याच्या हातात दिली. त्यांचं सगळं लक्ष सुईकडं होतं.

मी सुई टेकवली आणि पिळली. मालकांनी डोळे गच्च मिटले आणि "आई गं" म्हणाले, अगदी लहान मुलासारखं. त्यांच्यापासून दोन हातांवर म्हातारीचा मुलगा उभा होता. बंदुकीचं तोंड आधी जमिनीकडं होतं, मग जरा वर आलं. मला त्याचा चेहरा दिसत होता. त्यावर राग नव्हता. बाजारात एखादी वस्तू उचलून पाहावी, तसा तो बंदूक पाहत होता. म्हातारी हलक्या आवाजात म्हणाली, "बापू." एवढंच. बंदुकीचं तोंड पुन्हा खाली गेलं. मी सुईऐवजी बंदुकीकडंच पाहत होतो. त्यामुळं चौथी देवी जरा वाकडी निघाली.

मालकांनी डोळे उघडले. मी शेवटची सूचना दिली. "पंधरा दिवस बंदूक खांद्याला लावायची नाही. धक्का बरोबर इथं बसतो. बसला तर देवी अंगभर फुटतील. तोंडावरसुद्धा."

त्यांनी बंदूक परत घेतली ती डाव्या हातानं, लांब धरून. जीप खोकत निघून गेली. पाहुण्यांना त्यांनी स्वतःच निरोप पाठवून वाटेत अडवलं.

त्यानंतर गाव किती हसलं ते सांगण्यात अर्थ नाही. मी हसू शकत नव्हतो. ओट्यावर बसून दोन तांबे पाणी प्यायलो. म्हातारीचा मुलगा शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "हलकी होती जी. मले वाटे लई भारी असन."

दुसऱ्या दिवसापासून धानकापणी सुरू झाली. पण देवीची बातमी आजूबाजूला पसरली होती. बाहेरचं कुणी गावात फिरकेना, आणि गावातल्यांना बाजारात कुणी उभं करेना. चौथ्या दिवशी म्हातारी माझ्यावर चिडली. "मीठ सरलं, डाक्टरभाऊ, तुमच्या मातेपायी."

"माता मी आणली का? तुम्ही आणली."

"मी एका घरात आनली होती. तुमी साऱ्या गावाले वाटली."

आठवडाभर आम्ही अळणी भात आणि अळणी मासे खाल्ले.

आठव्या दिवशी गडचिरोलीहून माझे वरिष्ठ सायकल ढकलत आले. खबर मालकांनीच दिली होती. वरिष्ठांनी रोग्याची चौकशी केली. म्हातारी म्हणाली, "गेली माता. ओटी भरली, गेली." वरिष्ठांनी सून पाहायला मागितली. सून माहेरी गेली होती. त्यांनी मला तळ्याच्या पाळीवर नेलं.

"मी वाटेत मालगुजाराकडं जाऊन आलो. हात भोपळ्याएवढा सुजलाय, ताप आहे, घास बायको भरवते. उजव्या हाताला, चार. हे कुठल्या पुस्तकात आहे?"

मी मडक्यापासून जीपपर्यंत सगळं सांगितलं. नंतर त्यांनी वहीत लिहिलं, "संशयित रोगी, आढळला नाही," आणि मला सांगितलं की पुन्हा असं केलंस तर मी स्वतः तुला घरी पाठवीन. आणि मग विचारलं, "खरंच 'आई गं' म्हणाला?"

मालक बरे झाले. चार वणांचं त्यांना इतकं कौतुक वाटू लागलं की कुणी आलं की ते बाही वर करत. त्या हंगामात आलापल्लीकडं दोन ठेकेदार आणि एक सावकार उजवा दंड पुढं करून माझ्यासमोर बसले. डावा म्हणालो तर रागावले. मी निमूट उजव्यावर टोचलं.

पुढल्या हिवाळ्यात मालक त्या गावाकडं फिरकले नाहीत. गावाला माता लागली आहे, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. त्यांनी तीन कोसांवरच्या दुसऱ्या गावातून हाक्याला माणसं नेली. मी तेव्हा सिरोंच्याकडं होतो. त्या दुसऱ्या गावाकडून आलेल्या एका गाडीवानाकडून कळलं की त्या हाक्यात एकाच्या पाठीत छर्रे घुसले, आणि तो महिनाभर पालथा झोपत होता.