पी-०१७१ चा माग

आम्रपाली ढोकेला खराडीच्या गॅरेजात सगळे ‘काहून’ म्हणत. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करून ती वर्ध्याहून पुण्याला आली, ते साल दोन हजार सात. आसपास आयटी पार्क उभे राहत होते, गाड्यांत संगणक आले होते आणि मालक वैजनाथदादांनी नुकताच स्कॅनर घेतला होता. गाडीला जोडला की तो बिघाडाचा कोड दाखवी. दादा कोड बघून पार्ट बदलत. आम्रपाली विचारायची, "पण काहून गेला हा पार्ट?" तिच्याकडचा ‘का’ गॅरेजला नवा होता, तोच तिला चिकटला.

एके दिवशी श्रद्धा पेंडसे आपली गाडी घेऊन परत आली. जवळच्याच कंपनीत ती सॉफ्टवेअर तपासायची. इंजिनचा पिवळा दिवा लागतो म्हणून मागच्या आठवड्यात दादांनी धुराच्या नळीतला सेन्सर बदलून दिला होता.

"दिव्याला नवा सेन्सर आवडलेला दिसतोय," ती म्हणाली. "अधिकच उत्साहानं लागतो."

स्कॅनरवर कोड तोच होता, पी-०१७१. इंजिनात हवा जास्त, पेट्रोल कमी.

"नवा सेन्सरच खराब निघाला असणार," दादा म्हणाले.

"दादा, मी एक चक्कर मारून बघू? मॅडम, तुम्ही चालवा."

दोघी नगर रस्त्याला लागल्या. आम्रपालीच्या मांडीवर स्कॅनर होता. पेट्रोल कमी पडतंय म्हणून संगणक किती जास्त सोडतो, तो आकडा ती बघत होती. सिग्नलला गाडी थांबली की आकडा चढे. रस्ता मोकळा मिळून गाडी पळाली की उतरे.

"हे उलटं नाही का?" श्रद्धाने विचारलं. "पळताना पेट्रोल जास्त लागतं. तेव्हाच कमी पडायला हवं."

"पंप कमजोर असता तर तसंच झालं असतं." आम्रपाली म्हणाली. "उभ्या गाडीचं इंजिन हवा थोडीच ओढतं. तेव्हा कुठून तरी चोरवाटेनं जराशी हवा शिरली, तरी ती फार होते. पळताना तेवढी हवा कुठल्या कुठे जाते."

"म्हणजे सेन्सर खरं तेच सांगत होता आणि आपण त्यालाच काढलं!"

श्रद्धाने मोबाइलवरून ऑफिसला कळवलं, उशीर होईल. भोक कुठे आहे ते तिलाही बघायचं होतं.

गॅरेजात आम्रपालीने बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं आणि ती हवेच्या नळ्यांच्या सांध्यांवर क्लीनरचा एकेक फवारा मारत गेली. भोकातून फवारा आत ओढला गेला, की इंजिनचा आवाज बदलणार होता. काहीच होईना. दादा हातातलं काम टाकून येऊन उभे राहिले. मागच्या बाजूला, खाली वाकून तिने फवारा मारला आणि इंजिनचा आवाज एकदम चढला.

"परत मार," दादा म्हणाले.

आवाज परत चढला. त्यांनी इंजिन बंद करून हात घातला आणि बोटभर रबरी नळी ओढून काढली. वरून धड होती. खालून उंदराने कुरतडलेली.

"पार्किंगमध्ये उंदीर आहेत खरे," श्रद्धा म्हणाली. "पण त्यांचा कोड नसेल तुमच्या यंत्रात."

दादा मोठ्याने हसले. नवी नळी बसली, दिवा विझला आणि पुन्हा लागला नाही. दुसऱ्या दिवशी दादांनी स्कॅनर आम्रपालीच्या टेबलावर आणून ठेवला. "आधी तू विचारायचं, मग मी पाना उचलणार," म्हणाले.

श्रद्धा पुढे अधूनमधून ऑफिस सुटल्यावर यायची. गाडी ठणठणीत असे. बॉनेट उघडून दोघी आत डोकावत बसत.