तराजूबाईंनी तपासलेला पट्टा

माझ्या थोरल्या मावशीला बाजारात सगळे तराजूबाई म्हणायचे. तोंडावर नाही, माघारी. दुकानांमधली वजनं-मापं तपासणं हे तिचं सरकारी काम. ती गल्लीच्या तोंडाशी दिसली की कुणी ताटलीखाली चिकटवलेला मेणाचा गोळा घाईघाईनं खरवडायचा, कुणी नुसताच घाम पुसायचा. कुणाच्या दुकानात तिनं कधी चहासुद्धा घेतला नाही. "चहा पाजून काटा सरळ होत नाही," म्हणायची.

निवृत्तीनंतर वर्षभरातच ती स्वयंपाकघरात पडली. स्टुलावर चढून वरच्या फळीवरची बरणी काढत होती. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, हाड छान जुळलंय, आता चालायचं, जमेल तितकं आणि रोज. मावशीनं मान डोलावली, घरी आली आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली. वॉकर कोपऱ्यात उभा. व्यायाम शिकवायला येणारी बाई समोर असेपर्यंत ती चार पावलं टाकायची. बाईची पाठ फिरली की पुन्हा भिंत.

"मला आता कुठं जायचंय?" असं ती विचारायची.

तिच्यासोबत राहायची माझी धाकटी मावशी. पन्नाशी उलटली तरी थोरली तिला 'चिमणे' म्हणूनच हाक मारायची. धाकटी एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईघरात होती. धुतलेल्या चादरी, अभ्रे, रुग्णांचे झगे गाडीवर रचायचे आणि ती उंच लोखंडी गाडी ढकलत एकेका वॉर्डात पोचवायची. येताना मळलेल्या कपड्यांचं ओझं. बोलायला मऊ, पण गप्प बसून आपलं तेच करणारी. थोरलीच्या हट्टाला त्या घरात एकच उतारा होता, तो म्हणजे धाकटीचा हट्ट. फक्त तो ऐकू यायचा नाही.

धुलाईघरातल्या बायकांच्या मनगटांवर हळूहळू पावलं मोजणारे पट्टे दिसायला लागले. जेवणाच्या सुट्टीत कुणाची पावलं किती यावर चढाओढ लागायची. ते बघून धाकटीच्या मनात आलं की आकड्यांवर आयुष्य काढलेली आपली ताई आकड्याच्या नादानं तरी उठेल. पण ताईसाठी म्हणून आणला तर ती तो खिडकीबाहेर टाकेल, हेही तिला पक्कं ठाऊक. म्हणून ती मला म्हणाली, "माझ्यासाठीच घ्यायचा. तू चल बरोबर. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

कळत मलाही नव्हतं. दुकानातल्या माणसानं काचेच्या पेटीतून एकेक पट्टा काढून मांडला. हा नाडी मोजतो, हा झोप मोजतो, हा रक्तातला प्राणवायू सांगतो, हा घालून पोहता येतं, हा तुमच्यावर ताण किती आहे ते सांगतो.

"ताण मला माहीत आहे," धाकटी म्हणाली. "चाललेलं कळतं का?"

"मावशी, त्याचं कामच ते."

"मग यातला साधा कुठला?"

त्यानं करड्या रंगाचा एक दाखवला. तिनं तो मनगटावर बांधला, दुकानात दोन फेऱ्या मारल्या, आकडा वाढला, आणि आम्ही तो घेऊन आलो. तो आपल्या कामाला जुळतो का, हे विचारायला हवं होतं हे आम्हाला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्याकडे होते. धाकटी कामावरून आली, चपला काढल्या, खुर्चीत बसली. पाय नेहमीसारखे सुजलेले. पट्टा थोरलीला दिसेल असा हात पुढे करून, तिनं मोठ्या थाटात बटण दाबलं. आकडा बघून तिचं तोंड एवढंएवढंसं झालं. बाजारातून भाजी आणली तरी त्याहून जास्त पावलं व्हावीत. तेवढ्यात पट्टा थरथरला आणि त्यावर अक्षरं आली, 'बराच वेळ बसून आहात. थोडं हला!'

पलंगावरून एक आवाज आला. आधी मला वाटलं ठसका लागला. थोरली हसत होती. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच हसत होती, पोट धरून. मीही हसले. मग माझं लक्ष धाकटीकडे गेलं आणि माझं हसू जागच्या जागी थिजलं.

"अख्खं आयुष्य चालण्यात गेलं माझं," ती पट्ट्याकडे बघत हळूच म्हणाली. "आणि हे मला म्हणतंय, हल."

थोरली हसायची थांबली. मग तिनं हात पुढे केला.

"आण इकडे ते."

ते ती ज्या आवाजात म्हणाली, तो आवाज मी लहानपणी बाजारात ऐकला होता. ती उठून बसली, चष्मा लावला, पट्टा उलटासुलटा केला, जोखल्यासारखा तळहातावर धरला.

"चिमणे, बांध. बाहेरच्या व्हरांड्यात जा आणि परत ये. मी मोजते."

धाकटी गेली, आली. थोरलीनं मोठ्यानं मोजलेली पावलं आणि पट्ट्यावरची पावलं जवळजवळ सारखी निघाली. थोरलीच्या कपाळाला आठी पडली. काटा सरळसोट खोटा असता तर तिला बरं वाटलं असतं.

"आता बसून ती भाजी चीर."

धाकटीनं भाजी चिरली. पट्ट्यानं खुर्चीत बसलेल्या बाईला बरीच पावलं चालवलं.

"असं होय!" थोरलीचे डोळे चमकले. "याला पाय दिसतच नाहीत. हा हात मोजतो. चिमणे, कामावर चालताना तुझे हात कुठं असतात?"

"गाडीच्या दांड्यावर. दोन्ही."

"दिवसभर?"

"सोडले तर गाडी जाईल ना जिन्याकडं."

थोरलीनं कोपऱ्याकडे बोट केलं. "तो वॉकर घे. धरून चाल."

धाकटी वॉकर घेऊन निघाली, पण तिची चाल सवयीची, झपाझप. वॉकर उचलून आपटत ती एवढी लगबगीनं गेली की पट्टा हिंदकळला आणि काहीबाही मोजून बसला.

"अगं, तो असा नाही धरत! परीक्षेचं वाटोळं केलंस. आण, मी दाखवते."

तिनं पट्टा स्वतःच्या हातात बांधला, वॉकर पकडला, उठली. खोलीतून बाहेर, व्हरांड्याच्या कठड्याशी, शेजारच्यांचं दार ओलांडून पार टोकाच्या खिडकीपर्यंत. हळूहळू, पाय घासत, तोंडानं मोजत. आम्ही दोघी दारात उभ्या. खिडकीशी पोचल्यावर तिनं मनगट डोळ्यांजवळ नेलं आणि विजयी मुद्रेनं ओरडली, "शून्य! एकसुद्धा नाही!"

धाकटीनं माझा हात घट्ट दाबला. बोलू नकोस, एवढाच त्याचा अर्थ. ऑपरेशननंतर ताई पहिल्यांदाच खोलीबाहेर आली आहे, हे तिला सांगण्याची ही वेळ नव्हती. तिला तिचं तेव्हा कळलं, जेव्हा परतीचा रस्ता समोर दिसला. थोडा वेळ ती खिडकीतून खाली रस्त्याकडे बघत राहिली.

"खुर्ची आणू का?" मी विचारलं.

"कशाला? आले तशी जाईन," ती म्हणाली आणि आली.

त्यानंतरचे दिवस सोपे गेले असं म्हणता येणार नाही. एक दिवस चालायची, दुसऱ्या दिवशी दुखतंय म्हणून उठायची नाही. पण तिच्या डोक्यात आता एक किडा शिरला होता. पट्टा बदलून आणायचा, आणि तो तिनं स्वतः निवडायचा. त्यासाठी जिना उतरणं भाग होतं. व्यायामाच्या बाईला तिनं आपणहून विचारलं, "जिना कधी शिकवणार?" बाई माझ्याकडे बघतच राहिली. चांगला पाय आधी वर, दुखरा आधी खाली, एका हातानं कठडा. रोज एखादी पायरी जास्त.

शेवटी आम्ही तिघी दुकानात गेलो. दुकानदारानं खुर्ची दिली. थोरली बसली नाही. तिनं सगळी हकिकत सांगितली. तो भला माणूस, वाद न घालता म्हणाला, "हे असं कुणी विचारलंच नव्हतं. सगळे रंग विचारतात." आतून त्यानं एक छोटी डबी शोधून आणली. तिला पडदा नाही, काही नाही, आकडा फोनवर बघायचा. कमरेला अडकवायची, नाहीतर घोट्याला पट्टीनं बांधायची.

थोरलीनं आधी ती कमरेला लावून वॉकरनं फेरी मारली. निम्मीच पावलं लागली. तिची चाल इतकी संथ की कमरेला धक्काच बसत नव्हता. मग मी वाकून घोट्याला बांधली. या वेळी दोनचार पावलांचाच फरक आला.

"तरी अगदी बरोबर नाही आलं," दुकानदार ओशाळून म्हणाला.

"अहो, अगदी बरोबर असा काटा मी नोकरीत एकही पाहिला नाही," थोरली म्हणाली. "थोडा खोटा असला तरी चालतं. रोज तेवढाच खोटा असला की झालं. मला माझी आजची चाल कालच्या चालीशी ताडून बघायचीय, हिच्याशी किंवा शेजारणीशी नाही."

"आणि नाडी, झोप वगैरे?"

"झोप लागली की नाही ते सकाळी माझं मला कळतं. एकच गोष्ट सांग म्हणावं, पण धड सांग."

करडा पट्टा तिनं परत करू दिला नाही. बहिणीला म्हणाली, "तो खिशात ठेव. चालताना खिसा हलतो." धाकटीनं एक-दोन दिवस कामावरच्या एप्रनच्या खिशात ठेवून बघितला. आकडा एवढा फुगला की धुलाईघरातल्या बायकांनी हात जोडले. मग तिनंच तो काढून ठेवला. "आता कळलं ना, किती ते. रोज काय बघायचं," म्हणाली. मला आधी वाटलं, पैसे वाया गेले. आता तसं वाटत नाही. तिला जे हवं होतं ते तिला मिळालं होतं, आणि थोरलीला काय हवंय ते दुकानात पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्हा कुणालाच सांगता आलं नसतं.

पुढे थोरलीचा वॉकर सुटला, काठी आली. धाकटीच्या हॉस्पिटलात शेवटची तपासणी झाली तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा फोटो बघून समाधानानं मान डोलावली. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "चिमणीचं धुलाईघर कुठंय?" बहीण इतकी वर्षं तिथं कामाला होती, आणि ती एकदाही गेली नव्हती.

तळघरात वाफेचा आणि साबणाचा वास. यंत्रांचा घरघराट. धाकटी गाडीवर चादरी रचत होती. ताईला बघून गडबडली, पदराला हात पुसले.

"तुझी गाडी बघू," थोरली म्हणाली. काठी माझ्या हातात देऊन तिनं दोन्ही हातांनी दांडा धरला आणि जोर लावला. गाडी हलेना.

"तसं नाही ताई. आधी जरा मागं ओढ. मग चाकं सुटतात."

थोरलीनं मागं ओढली, मग ढकलली. गाडी कुरकुरत निघाली. भिंतीपाशी धाकटीनं पुढे होऊन ती थांबवली. थोरली धापा टाकत उभी राहिली. रचलेल्या चादरींची उंची तिनं खालपासून वरपर्यंत पाहिली.

"हे दिवसातून किती वेळा?"

"मोजलं नाही कधी."

थोरलीनं माझ्याकडून काठी परत घेतली. परत येताना रिक्षात ती सगळा वेळ बाहेर बघत होती. संध्याकाळी धाकटी कामावरून येऊन खुर्चीत बसली होती आणि मी निघायच्या बेतात होते, तेव्हा स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज झाला. थोरली पातेल्यात पाणी तापवत होती. मी म्हटलं, "दे, मी नेते." तिनं नको म्हटलं. निम्मं निम्मं करून, दोन खेपांत, काठी टेकत, तिनं ते बाहेरच्या खोलीतल्या घमेल्यात ओतलं, त्यात मीठ टाकलं आणि धाकटीच्या खुर्चीपुढे सरकवलं.

"बुडव पाय."

"अगं ताई, तू कशाला..."

"चिमणे, गप्प बस आणि बुडव. गार होईल."