मेन तर बंदच होईन

संध्याकाळचे सात वाजले की मावशी मेन स्विचवर हात ठेवून ओरडायच्या, "उठा गा! उठा वं पोरींनो!" आणि पाच मिनिटांत खटका खाली. नागपुरात आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेची झाडलोट आणि किल्ली त्यांच्याकडे होती. मागे एकदा तारा जळून पुस्तकांचं एक कपाट गेलं, तेव्हापासून मेन चालू ठेवून त्या कधी घरी गेल्या नाहीत. अशी हट्टी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी मी तिथे सहा छोटे संगणक बसवले. तळहाताएवढे बोर्ड, सगळा कारभार मेमरी कार्डावर. चालू असताना वीज तुटली की कार्ड बिघडायचं, दर चार दिवसांनी एखादं. कन्हानहून येणाऱ्या एका मुलीची महिनाभराची उत्तरं गेली तेव्हा माझं डोकंच फिरलं. भरल्या अभ्यासिकेत मी मावशींवर खेकसलो, वर अभ्यासिकेच्या समितीकडे तक्रार केली. समितीने त्यांना बजावलं, मेन चालू ठेवा नाहीतर काम सोडा.

"काढा मले. मेन तर बंदच होईन," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "दिवसातून चारदा लाइट जाते, सर. थे का मले विचारून जाते? तुमचं मशीन इतकं नाजूक काहून?"

कार्डावर माहिती कशी लिहायची ते ठरवणारी फाइल सिस्टीम मीच निवडली होती, निव्वळ वेगाला भाळून.

रविवारी मावशींना मेनपाशी उभं करून वेगवेगळ्या सिस्टीमची कार्डं घेऊन बसलो. "पाडा मेन," मी म्हणालो. वेगवान सिस्टीम तिसऱ्याच खेपेला आडवी. दुसरी सुरू व्हायची, पण उत्तरं गिळायची. मी कंटाळलो, मावशी नाही. "दुसरं लावा." तिसरी जुनी, जरा संथ, काय लिहायचंय ते आधी टिपून ठेवणारी. दुपारभर मावशी मेन पाडत राहिल्या आणि ती दर वेळी उत्तरांसकट उठली.

"हे ठेवा," मावशी म्हणाल्या.

चूक माझी, असं मी समितीला लिहून दिलं. मावशींना सांगितलं तर म्हणाल्या, "कागदावर काहून? मले बोलले तं सगळ्यांसमोर."

यंदा त्या मौद्याला मुलीकडे राहायला गेल्या. अभ्यासिकेत त्यांच्याशिवाय करमत नाही. मला त्या आठवतात त्या रविवारनंतरच्या सोमवारच्या. खोली गच्च भरलेली. मी उभा राहून म्हणालो, "चूक माझी होती. मावशींची नाही."

मावशी दाराशी झाडू धरून उभ्या होत्या.

"मोठ्यानं, सर. मागच्यायले ऐकू नाही आलं."

मी पुन्हा म्हणालो. मोठ्यानं.